डेटाबेसची तपासणी संपतच नाही? दोष डिस्कचा की आणखी कुणाचा?

रात्री दोनला सुरू झालेली डेटाबेसची तपासणी पूर्वी चारच्या आत आटोपायची. आता सकाळचे नऊ वाजले तरी ती चालूच आहे, लोक कामाला लागले आहेत आणि प्रत्येक स्क्रीन उघडायला वेळ लागतोय. अशा वेळी सहसा दोनपैकी एक फर्मान निघतं: "डिस्क जुनी झाली, नवी घ्या" किंवा "ही तपासणीच बंद करा." दोन्ही मोजमाप न करता काढलेली असतात. पहिलं चुकलं तर पैसा जातो, दुसरं चुकलं तर डेटा. खरं तर तासा-दोन तासांच्या मोजणीत खोळंबा कुठे आहे ते बऱ्यापैकी नक्की सांगता येतं.

पुढची बहुतेक उदाहरणं मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची आहेत, कारण त्यात आतलं काय चाललंय ते बघायची सोय चांगली आहे. तर्क मात्र कोणत्याही डेटाबेसला लागू पडतो.

तपासणीत नेमकं काय चालतं?

एका मोठ्या ग्रंथालयाची वार्षिक मोजदाद डोळ्यांसमोर आणा. पहिलं काम म्हणजे प्रत्येक पुस्तक उघडून पानं फाटलेली नाहीत ना ते पाहणं. दुसरं, कपाटांचा नकाशा आणि प्रत्यक्ष कपाटं जुळतात का ते बघणं. तिसरं, सूचीतल्या प्रत्येक कार्डाचं पुस्तक आहे का आणि प्रत्येक पुस्तकाचं कार्ड आहे का, हे दोन्ही बाजूंनी ताडून पाहणं.

डेटाबेसमध्येही हेच होतं. माहिती ठरावीक मापाच्या तुकड्यांत ठेवलेली असते, त्याला पेज म्हणतात. एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेसमध्ये पेज ८ केबीचं, मायएसक्यूएलच्या इनोडीबीत मुळात १६ केबीचं आणि एसक्यूलाइटमध्ये मुळात ४ केबीचं असतं. पेजवर चेकसम नावाचा आकडा लिहिता येतो. तो पेजमधल्या मजकुरावरून काढलेला असतो, त्यामुळे मजकुरात एक बिट जरी बदलला तरी हिशेब चुकतो. पानं फाटली आहेत का ते पाहण्याची ही रीत. सूचीच्या कार्डांची जागा इथे इंडेक्स घेतो.

पहिली दोन कामं कपाटामागून कपाट अशी क्रमाने होतात. वेळ खातं ते तिसरं. एका कार्डाचं पुस्तक तळमजल्यावर, तर पुढच्याचं तिसऱ्या मजल्यावर असतं. मग दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे प्रत्येक कार्डासाठी जिने चढउतार करायची. दुसरा म्हणजे कपाटं क्रमाने फिरत चिठ्ठ्या लिहायच्या, शेवटी त्या लावून जुळवायच्या. एसक्यूएल सर्व्हरचा 'डीबीसीसी चेकडीबी' हा आदेश दुसऱ्या मार्गाने जातो. चिठ्ठ्यांचा ढीग मेमरीत मावला नाही, तर तो टेम्पडीबी या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये, म्हणजे पुन्हा डिस्कवरच, सांडतो. एसक्यूलाइटचा 'इंटिग्रिटी चेक' पहिल्या मार्गाने जातो: टेबलमधल्या प्रत्येक ओळीची नोंद तो प्रत्येक इंडेक्समध्ये जाऊन शोधतो. फाइल लहान असताना हे जाणवत नाही. फाइल कॅशपेक्षा, म्हणजे वाचलेली पेजेस मेमरीत हाताशी ठेवायच्या जागेपेक्षा, बरीच मोठी झाली की जिने चढण्यातच वेळ जातो. एसक्यूलाइटची कॅश मुळात सुमारे २ एमबीचीच असते, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. ती तपासणीपुरती काहीशे एमबी केली तर पुष्कळदा मोठा फरक पडतो.

डिस्कचा 'वेग' म्हणजे तीन वेगळी मापं

एक, विलंब: एक वाचन मागितल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ. दोन, दर सेकंदाला किती वाचनं-लेखनं होतात. याला आयओपीएस म्हणतात. तीन, दर सेकंदाला किती एमबी सरकतात. डिस्कच्या खोक्यावर सहसा तिसरं माप ठळक छापलेलं असतं.

फिरत्या तबकडीची डिस्क घेऊ. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात. टोक योग्य वर्तुळावर न्यायला आणखी आठ-नऊ. बेरीज साधारण १२ ते १३ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली वाचनं सेकंदाला जेमतेम ८०. प्रत्येक वाचन ८ केबीचं धरलं तर हा वेग भरतो ६४० केबी. तीच डिस्क सलग वाचली तर सेकंदाला २०० एमबीच्या आसपास देऊ शकते.

५०० जीबीच्या डेटाबेसला हे लावून बघा. सलग वाचन: सुमारे ४३ मिनिटं. पूर्ण विखुरलेलं, एकेक पेज करत: साडेनऊ दिवस. डिस्क तीच आणि डेटाही तोच आहे. प्रत्यक्षातली तपासणी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि ती नेमकी कुठे आहे ते शोधणं हेच निदान.

एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे विखुरलेल्या वाचनाची शिक्षा खूप सौम्य होते. ती नाहीशी मात्र होत नाही.

"पण मोठी फाइल तर झटक्यात कॉपी होते!"

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो अगदी स्वाभाविक आहे. पण कॉपी हे सलग वाचन असतं आणि ऑपरेटिंग सिस्टिम पुढचे तुकडे आधीच मागवून ठेवते. शिवाय फाइल नुकतीच वापरलेली असेल, तर ती डिस्कवरून न येता मेमरीतूनच येते. म्हणजे मोजली जाते ती मेमरी.

दुसरी गोष्ट रांगेची. एका वेळी एकच वाचन मागितलं आणि विलंब ५ मिलिसेकंद असेल, तर सेकंदाला २०० वाचनं होतात. ६४ केबीचं प्रत्येकी धरलं तर १२.५ एमबी. त्याच विलंबात एका वेळी १६ वाचनं मागितली तर २०० एमबी. डिस्क बदललेली नाही, मागणारे हात वाढले आहेत. त्यामुळे डिस्क किती देऊ शकते याइतकाच, तपासणी तिच्याकडे किती मागते आहे हाही प्रश्न विचारावा लागतो.

चाचणी करायचीच असेल तर विंडोजवर डिस्कएसपीडी आणि लिनक्सवर एफआयओ ही साधनं आहेत. कॅश बंद ठेवा. चाचणी-फाइल सर्व्हरच्या आणि कंट्रोलरच्या (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाच्या) कॅशमध्ये मावणार नाही एवढी मोठी घ्या. ब्लॉक ६४ केबीचा, शंभर टक्के वाचन, निदान काही मिनिटं; एकदा सलग, एकदा विखुरलेलं. आणि ती कामाच्या वेळेत चालवू नका, कारण अशी चाचणी सगळ्यांची डिस्क अडवून ठेवते.

आधी जुन्या नोंदी काढा

नवं काही मोजण्याआधी इतिहास बघावा. एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक चेकडीबीनंतर एरर लॉगमध्ये किती त्रुटी सापडल्या आणि एकूण किती तास-मिनिटं-सेकंद लागले ते लिहून ठेवतो. जुने लॉग शिल्लक असतील तर महिन्यांचा आलेख फुकटात मिळतो.

आलेखाचा आकार बोलका असतो. वेळ हळूहळू, डेटाच्या वाढीबरोबर चढत गेला असेल तर बहुधा बिघाड नाही, पसारा वाढला आहे. एका ठरावीक रात्री दोन तासांचे सहा झाले असतील तर त्या आठवड्यात काय बदललं ते शोधा: नवा इंडेक्स, व्हर्च्युअल मशीनचं स्थलांतर, अँटिव्हायरसची नवी आवृत्ती, बॅकअपची बदललेली वेळ. कधी दोन, कधी सहा असं होत असेल तर कुणीतरी त्याच वेळी तीच डिस्क वापरतंय. हे शेवटचं कारण फार साधं आहे आणि फार वेळा सापडतं. इंडेक्स नव्याने बांधण्याचं काम, बॅकअप आणि तपासणी, तिन्ही 'रात्री शांतता असते' म्हणून एकाच तासाला लावलेली असतात.

एकच प्रयोग करायचा असेल तर हा करा

सगळा डेटाबेस नुसता वाचायला किती वेळ लागतो ते मोजा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बॅकअपचं गंतव्य म्हणून 'नल' हे विंडोजमधलं नुसतं नावापुरतं उपकरण देता येतं: पेजेस वाचली जातात आणि लिहिलेलं सगळं हवेत विरतं. 'कॉपी ओन्ली' हा पर्याय न विसरता द्या. नाहीतर या खोट्या बॅकअपची नोंद खरा पूर्ण बॅकअप म्हणून होते, आणि पुढचे डिफरेन्शियल बॅकअप (पूर्ण बॅकअपनंतरचे फक्त बदल घेणारे) जगात नसलेल्या फाइलवर विसंबतात.

समजा या वाचनाला ४० मिनिटं लागली आणि चेकडीबीला सहा तास. मग सलग वाचनापुरती डिस्क ठीक आहे, खोळंबा जुळवाजुळवीत, टेम्पडीबीत किंवा प्रोसेसरमध्ये आहे. उलट नुसत्या वाचनालाच पाच तास लागले, तर तपासणीचे पर्याय बदलण्यात वेळ घालवू नका. डिस्क किंवा डिस्कपर्यंतचा रस्ताच तपासा. रस्त्याचंही एक गणित आहे: डिस्क नेटवर्कवरून १ गिगाबिटच्या तारेने जोडलेली असेल, तर सेकंदाला साधारण ११५ एमबीच्या पुढे काही येणार नाही. ५०० जीबीला किमान सव्वा तास, मग पलीकडे कितीही महागडं स्टोरेज असो.

विलंब आणि एमबी, दोन्ही एकत्र वाचा

तपासणी चालू असताना विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये प्रत्येक वाचनाला लागणारा सरासरी वेळ आणि दर सेकंदाचे एमबी शेजारी-शेजारी ठेवा. लिनक्सवर आयओस्टॅट हीच माहिती देतं. एसक्यूएल सर्व्हरच्या आत 'डीएम आयओ व्हर्च्युअल फाइल स्टॅट्स' हे फंक्शन फाइलनिहाय हिशेब देतं. त्यातले आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनची बेरीज असतात, म्हणून दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा नोंद घेऊन वजाबाकी करावी. एकदाच बघितलेली सरासरी फसवते.

तबकडीच्या डिस्कवर विखुरलेल्या वाचनाला १० ते २० मिलिसेकंद ठीक. एसएसडीवर एक-दोनच्या आसपास अपेक्षा ठेवावी. पण चेकडीबीच्या वेळी विलंब वाढला म्हणून घाबरू नका. ती मुद्दाम पुष्कळ वाचनं एकदम मागते, रांग लागते, रांगेतला वेळही विलंबात मोजला जातो. विलंब जास्त आणि एमबीही भरपूर, तर डिस्क जीव तोडून काम करते आहे, तिची कमाल मर्यादा आली. विलंब जास्त आणि एमबी तुटपुंजे, तर काहीतरी आजारी आहे किंवा वाचन फारच विखुरलेलं आहे. विलंब कमी आणि एमबीही कमी, तर डिस्क रिकामी बसली आहे, तिच्याकडे कुणी मागतच नाही. या तिसऱ्या स्थितीत नवी डिस्क घेतली तर तपासणीचा वेळ जवळपास तेवढाच राहतो, आणि अशी खरेदी खूप होते.

डिस्क निर्दोष ठरली, मग?

मग चिठ्ठ्यांचा ढीग बघा. टेम्पडीबीच्या फाइलवर त्या वेळात किती लेखन झालं? खूप झालं असेल तर चिठ्ठ्या मेमरीत मावत नाहीत. टेम्पडीबी वेगळ्या, वेगवान डिस्कवर नेल्याने दिलासा मिळतो.

त्यानंतर स्नॅपशॉट. २००५च्या आवृत्तीपासून चेकडीबी डेटाबेसचं एक गोठवलेलं चित्र तयार करते आणि तपासणी त्या चित्रावर करते, म्हणजे लोकांचं काम थांबत नाही. हे चित्र डेटा फाइल जिथे आहे त्याच ड्राइव्हवर, तात्पुरत्या फाइलमध्ये असतं. तपासणी चालू असताना कुणी एखादं पेज बदललं, तर बदलाआधीची प्रत तिथे लिहावी लागते. त्या काळात लेखन जोरात असेल तर त्याच डिस्कवर दुहेरी भार पडतो. ड्राइव्ह भरला तर तपासणी अर्धवट बंद पडते. इंडेक्स बांधणी आणि तपासणी एकत्र लावू नये ते यासाठी.

प्रोसेसरचं काय? एंटरप्राइझ आवृत्तीत तपासणी अनेक थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवर, विभागून चालते, स्टँडर्डमध्ये एकाच थ्रेडवर. चाचणीच्या सर्व्हरवर बहुधा डेव्हलपर आवृत्ती असते आणि तिच्यात सहसा एंटरप्राइझच्या क्षमता असतात. त्यामुळे 'तिथे तासात होतं, इथे पाच तास' या तक्रारीमागे डिस्क नसूही शकते. २०१६पासून (आणि २०१४च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून) किती थ्रेड वापरायचे ते आदेशातच सांगता येतं. विंडोजचा पॉवर प्लॅन 'बॅलन्स्ड'वर राहिला असेल तर तोही बघा: त्यात वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी ठेवला जाऊ शकतो, आणि चेकडीबी प्रोसेसर भरपूर वापरते.

अँटिव्हायरस डेटा आणि लॉग फाइल तपासत असेल, तर त्या फाइल वगळायला सांगा.

भाड्याच्या डिस्कवर अर्धा तास वेग, मग रांगणं

क्लाउडमधल्या डिस्कला भौतिक मर्यादेआधी करारातली मर्यादा लागते. ॲमेझॉनचा जीपी२ हा प्रकार दर जीबीला ३ आयओपीएस देतो. १०० जीबीच्या डिस्कला म्हणजे ३००. पण साठवलेलं क्रेडिट (न वापरलेल्या आयओपीएसची शिल्लक) असेल तोवर ती ३००० पर्यंत धावते. पूर्ण भरलेल्या खात्यात ५४ लाख क्रेडिट असतात. सेकंदाला ३००० खर्च आणि ३०० जमा, म्हणजे सुमारे ३३ मिनिटांत खातं रिकामं. नंतर वेग एकदम दहा पटींनी खाली.

त्यामुळे छोटी चाचणी उत्तम निकाल देते आणि रात्रीची तपासणी मात्र रखडते. पहिला अर्धा तास सुसाट आणि मग सपाट रेषा, असा आलेख दिसला तर हेच कारण आधी तपासा. जीपी३मध्ये क्रेडिटचा हिशेब नाही, पण पायाभूत मर्यादा ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी आहे. जास्त हवं तर वेगळं मागावं लागतं. व्हर्च्युअल मशीनच्या प्रकारालाही स्वतःची मर्यादा असते. डिस्कची मर्यादा वाढवूनही फरक पडला नाही तर मशीनची बघा.

तपासणी रखडणं हेच लक्षण असेल तर

एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगमध्ये चार आकडे शोधा. ८३३: एखादं वाचन किंवा लेखन १५ सेकंदांहून जास्त लांबलं. ८२३: ऑपरेटिंग सिस्टिमनेच वाचन नाकारलं. ८२४: पेज मिळालं पण चेकसम किंवा आतली रचना जुळली नाही. ८२५: वाचन आधी फसलं, पण पुन्हा प्रयत्न केल्यावर यशस्वी झालं.

माझ्या मते यातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा ८२५ आहे. डेटा अजून शाबूत असतो, म्हणून कुणी ओरडत नाही. पण डिस्क बिघडण्याची ती पूर्वसूचना असू शकते, आणि बॅकअप घ्यायला वेळ मिळतो तो याच टप्प्यावर. यासाठी अलर्ट लावायला पाच मिनिटं लागतात.

डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या 'स्मार्ट' नोंदी ठेवते त्यांत १९७ क्रमांकाचं माप, म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर, वाढत असेल तर डिस्क एकेक सेक्टर पुन्हापुन्हा वाचण्यात सेकंद घालवते. १९९, म्हणजे डिस्क आणि सर्व्हरमधल्या वाटेत माहिती बिघडल्याची मोजणी, वाढत असेल तर डिस्क काढण्याआधी केबल बदला. रेडमधली (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या संचातली) एक डिस्क मेलेली असेल, तर रेड ५मध्ये तिच्यावरचा प्रत्येक तुकडा उरलेल्या सगळ्या डिस्क वाचून नव्याने काढावा लागतो. डेटा मिळत राहतो, म्हणून बाहेर कुणाला कळत नाही. कंट्रोलरची बॅटरी संपली की बहुतेक कंट्रोलर लेखनाची कॅश आपोआप बंद करतात. मग लेखन अचानक रखडतं, डिस्क मात्र सगळ्या हिरव्या दिसतात.

आणखी एक: एरवी ठरलेल्या वेळात होणारी चेकडीबी अचानक फार लांबली, तर तिला काही विसंगती सापडून ती नेमकी जागा शोधायला खोलात गेलेली असण्याचीही शक्यता असते. म्हणून अशा वेळी ती चटकन तोडू नका. तोडण्यात धोका नाही, साधी तपासणी काही बदलत नाही; पण निकाल हाताशी आलेला असताना तो फेकला जातो.

"रोज बॅकअप होतो, मग तपासणी कशाला?"

कारण बॅकअप बिघडलेलं पेजही इमानेइतबारे उतरवून घेतो. चेकसमचा पर्याय देऊन घेतला तर पेजच्या पातळीवरचा बिघाड पकडला जातो. कार्ड आणि पुस्तक यांचा मेळ मात्र बॅकअप बघत नाही. चार आठवड्यांचे बॅकअप ठेवत असाल आणि बिघाड सहा आठवडे जुना असेल, तर तुमच्याकडे चांगली प्रत एकही नाही. दोन तपासण्यांमधलं अंतर बॅकअप ठेवण्याच्या मुदतीहून कमी हवं, ते यासाठी.

"दुसऱ्या सर्व्हरवर तपासली तर चालेल?"

बॅकअप दुसरीकडे उतरवून तिथे पूर्ण चेकडीबी चालवणं हा उत्तम मार्ग आहे. बॅकअप परत उभा राहतो हेही त्यात सिद्ध होतं. पण उलटा निष्कर्ष काढू नका: उपलब्धता गटातली (एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवर जुळवून ठेवणाऱ्या व्यवस्थेतली) दुय्यम प्रत तिच्या स्वतःच्या डिस्कवर असते. ती निर्दोष निघाली म्हणून मुख्य सर्व्हरची डिस्क निर्दोष ठरत नाही.

वेळ कमी करताना काय सोडतो आहोत?

चेकडीबीचा 'फिजिकल ओन्ली' पर्याय पेजची रचना, चेकसम आणि वाटपाचा नकाशा बघतो, कार्डांची जुळवणी सोडतो. बराच जलद असतो आणि डिस्कने केलेले बहुतेक घोटाळे त्यात सापडतात. रोज रात्री हा आणि आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा पूर्ण, ही वाटणी मोठ्या डेटाबेसना परवडते. एसक्यूलाइटमध्ये 'क्विक चेक' अशीच इंडेक्स-टेबलची जुळवणी वगळतो. पोस्टग्रेसमध्ये चेकसम आणि इंडेक्सची तपासणी मुळातच वेगळी आहे: पेज चेकसम २०२५च्या १८व्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसला आपोआप चालू असतात, आणि इंडेक्ससाठी 'एएमचेक' हे विस्तारक आहे.

'टॅबलॉक' हा पर्याय स्नॅपशॉट टाळतो, पण टेबलांना कुलूप लावतो. लोक काम करत असताना तो वापरू नये.

पूर्ण तपासणी एका रात्रीत मावतच नसेल तर ती वाटून घ्या. टेबलांचे सात गट करा. सगळ्यात मोठ्या टेबलाला एक रात्र पूर्ण द्या, बाकीची आकारानुसार वाटा. प्रत्येक गटावर 'चेकटेबल' चालवा, आणि आठवड्यातून निदान एकदा 'चेकॲलॉक' (वाटपाच्या नकाशासाठी) व 'चेककॅटलॉग' (डेटाबेसच्या स्वतःच्या आतल्या नोंदींसाठी) लावा, कारण एकेका टेबलाच्या तपासणीत ते दोन भाग येत नाहीत. नवं टेबल तयार झालं की ते कोणत्या गटात पडलं ते तपासणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घाला. नाहीतर सहा महिन्यांनी सगळ्यात मोठं झालेलं टेबल नेमकं कोणत्याच रात्रीच्या यादीत नसतं.